सुई, ताप आणि खाडा

फेब्रुवारीत जन्मलेले मूल नोव्हेंबरात नऊ महिन्यांचे होते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस देण्याची वेळ तीच. पण तोवर बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून ट्रॅक्टर, ट्रक निघून गेलेले असतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर पोहोचलेला असतो आणि नऊ महिन्यांचे लेकरू पाचटाच्या कोपीत असते. गावच्या उपकेंद्रातल्या नोंदवहीत त्याच्या नावापुढचा रकाना रिकामा राहतो. हंगाम आटोपून मार्च-एप्रिलमध्ये कुटुंब परतते तेव्हा मूल तेरा-चौदा महिन्यांचे झालेले असते.

तो रिकामा रकाना पुढे कागदोपत्री सरकत जातो आणि आढावा बैठकीत त्याचे एका वाक्यात उत्तर मिळते: पालक उदासीन आहेत. कधी हे वाक्य आणखी कडक होते आणि पालक अडाणी ठरतात, अंधश्रद्ध ठरतात. बीड जिल्ह्यातल्या आई-बापांवर हा अन्याय आहे. मुलाला लस द्यावी की नाही, आज द्यावी की पुढच्या महिन्यात, या निर्णयामागे त्यांचा हिशेब असतो, भीती असते आणि अनुभवही असतो. तो समजून न घेता त्यांना दटावत राहिले, तर रकाना पुढच्या वर्षीही रिकामाच राहणार.

आधी हिशेबाचे पाहू. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला पेंटाव्हॅलेंट लस देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर, अशा पाच दुखण्यांपासून ती बाळाला वाचवते. तिच्यानंतर अनेक बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करते, छातीपासून हलत नाही. गावात घरी असलेल्या आईसाठी ही एका रात्रीची दगदग असते. फडावरच्या आईसाठी तेवढ्याने भागत नाही. ती पहाटे अंधारात उठून भाकरी बडवते, उजाडण्याच्या आत तोडीला लागते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरते. तापाचे बाळ उसाच्या बांधावर झोळीत ठेवता येत नाही. ती कोपीत थांबली की जोडी मोडते आणि खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर पाचशे-हजार रुपये उचलीच्या खात्यात चढतात. म्हणजे फुकट मिळणाऱ्या सरकारी लशीची किंमत तिला दोन दिवसांच्या कमाईने मोजावी लागते. अशा वेळी 'पुढच्या खेपेला बघू' असे म्हणणाऱ्या बाईला लशीचे महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तिला दोन्ही गोष्टी कळतात आणि त्यांतली एक तिला आज संध्याकाळी मुकादमापुढे चुकती करायची असते.

शिवाय हा निर्णय ती एकटी घेत नाही. गावात असताना सासूचा शब्द चालतो, फडावर नवऱ्याचा आणि दोघांवरही मुकादमाचा. जनजागृतीची बहुतेक पत्रके मात्र आईला उद्देशून लिहिलेली असतात. बाप, आजी आणि मुकादम यांच्याशी कोणी बोलायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

तापाबद्दल खरे बोलणे हा त्यावरचा पहिला उपाय. लस टोचल्यावर आरोग्यसेविकेने आईला चार गोष्टी सांगाव्यात, असा कार्यक्रमाचाच नियम आहे: आज कोणती लस दिली, तिच्यानंतर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे आणि कार्ड जपून का ठेवायचे. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबवून घ्यायचे, कारण एखाद्याला तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा तेवढ्या वेळात दिसते आणि तिच्यावर तिथल्या तिथे उपचार करता येतात. प्रत्यक्षात गर्दीच्या सत्रात या चारांपैकी एकच गोष्ट सांगितली जाते, पुढची तारीख. मग रात्री बाळ तापते आणि घरातले घाबरतात. आपल्याला कोणी काही सांगितले नव्हते, म्हणजे काहीतरी चुकले, असे त्यांना वाटते. हाच ताप आधी सांगून आला असता, सोबत बाळाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलची मात्रा समजावून दिली असती, 'झटका आला, श्वास अडखळला, बाळ निपचित पडले तर थेट दवाखान्यात या' एवढे बजावले असते, तर तोच ताप पुढच्या डोसाच्या आड आला नसता.

सुयांच्या संख्येचीही धास्ती असते. सहाव्या आठवड्याच्या सत्रात दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल लस आणि उजव्या दंडावर पोलिओचे इंजेक्शन टोचतात. वर पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडावाटे. एवढे सगळे एकदम कशाला, असे विचारणारी आई चुकीचे काही विचारत नाही. तिला उत्तर द्यायला हवे. बाळाचे शरीर जन्मल्या दिवसापासून असंख्य जंतूंशी एकाच वेळी झुंजत असते, त्यामुळे या लशींचा भार त्याला पेलतो. आणि एकेक लस वेगवेगळ्या दिवशी द्यायची म्हटली, तर रडणे तेवढेच राहील, फेऱ्या आणि खाडे मात्र वाढतील.

बीड शहरात, अंबाजोगाईत, परळीत मध्यमवर्गीय आई-बापांचा प्रश्न वेगळा असतो: सरकारी लस बरी की खासगी? खासगी बालरोगतज्ज्ञांकडे 'न दुखणारी' म्हणून ओळखली जाणारी लस मिळते. तिने ताप आणि सूज कमी येते, हे खरे. ती महाग असते, हेही खरे. पण महाग म्हणून ती जास्त वाचवते असे नाही. डांग्या खोकल्याविरुद्ध तिचे संरक्षण जुन्या लशीच्या मानाने लवकर ओसरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाला फार मोठ्या प्रमाणावर लशी पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यातच, १९६६ पासून आहे. उपकेंद्रात मिळते ती लस दुय्यम प्रतीची नसते, ही गोष्ट डॉक्टरांनीच पालकांना मोकळेपणाने सांगायला हवी.

यापुढचे दुखणे खोल आहे, ते विश्वासाचे.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली असल्याचे समोर आले. त्यांतल्या कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले होते. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली आणि शस्त्रक्रिया उरकली गेली, अशा कहाण्या गावोगावी निघाल्या. ज्या घरातल्या सासूने, जावेने किंवा नणंदेने हे भोगले आहे, त्या घरात पांढऱ्या कपड्यातल्या माणसाचा शब्द डोळे मिटून मानला जात नसेल, तर त्याला अडाणीपणा म्हणता येईल का? त्या कुटुंबाने वैद्यकीय सल्ल्यावर एकदा विश्वास टाकलेला आहे आणि त्याची किंमतही दिली आहे.

'या इंजेक्शनने पुढे मूल होणार नाही' ही अफवा महाराष्ट्रात वरचेवर उठते. तिलाही इतिहास आहे. आणीबाणीत नसबंदीची लक्ष्ये ठरवून माणसे गोळा केली गेली. १९७६ मध्ये तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण सरकारी सुई आणि आपला वंश यांचा काहीतरी संबंध आहे ही धास्ती मागे उरली. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. तीन कोटींहून अधिक मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. तेव्हा मोबाइलवरून हीच जुनी धास्ती नव्या चित्रफितींतून फिरली. ज्यांनी मुलाला आधीच लस दिली होती ते विचारत होते की पुन्हा का. ज्यांना शाळेतून अचानक निरोप आला ते विचारत होते की आम्हाला न विचारता का. त्यानंतर दिल्लीतल्या अशाच मोहिमेबाबत २०१९ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देऊ नये, अशी भूमिका घेतली. मोहीम कितीही चांगली असली तरी आई-बापाला वगळून ती रेटता येत नाही, हा त्यातला धडा आरोग्य खात्याने मनावर घ्यायला हवा. संमती म्हणजे नुसती कागदावरची सही नव्हे. त्या सहीआधी पाच मिनिटे बसून बोलावे लागते.

आणि चूक झाली तर ती कबूल करावी लागते.

३१ जानेवारी २०२१ चा पल्स पोलिओ रविवार यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब घातले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने मुले बरी झाली आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण ती बातमी ऐकून विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणा आईने पुढच्या रविवारी पदराखाली लेकरू घट्ट धरले असेल, तर तिला दोष कसा द्यावा?

अशी एक चूक किती दूर जाते ते सामोआने पाहिले. प्रशांत महासागरातल्या, जेमतेम दोन लाख वस्तीच्या या देशात जुलै २०१८ मध्ये लस दिल्यानंतर दोन तान्ही बाळे दगावली. लशीत दोष नव्हता. परिचारिकांनी लशीची पावडर पातळ करायला पाण्याऐवजी चुकून दुसरेच औषध, स्नायू शिथिल करणारे, वापरले होते. पण हे निश्चित होऊन लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत लसीकरण थांबले, अफवांना रान मोकळे झाले आणि लस घेणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. २०१९ च्या अखेरीस तिथे गोवर शिरला आणि ८३ जणांचा बळी गेला. त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. बीडची लोकसंख्या सामोआच्या दहा पटींहून जास्त आहे. इथे एखाद्या सत्रात काही वावगे घडलेच, तर चौकशी चालू आहे एवढे सांगून गप्प बसणे परवडणारे नाही. काय घडले, कोणत्या बाटलीमुळे, बाळ आता कसे आहे, हे त्याच गावात, त्याच दिवशी, जबाबदार अधिकाऱ्याने समोर उभे राहून सांगितले पाहिजे.

लशीबद्दलचे काही खोटे मात्र साफ खोटे म्हणूनच सांगायला हवे. गोवराच्या लशीने मुले स्वमग्न होतात, हा समज सुशिक्षित घरांत आजही आढळतो. त्याचे मूळ १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अँड्र्यू वेकफील्ड यांच्या लेखात आहे. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफील्ड यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. त्यानंतर अनेक देशांत लाखो मुलांवर अभ्यास झाले, तसा संबंध कुठेच सापडला नाही.

आणि गोवर हे किरकोळ दुखणे नव्हे. खेड्यापाड्यांत आजही 'गोवर उठून गेला की अंगातली उष्णता जाते' असे म्हणणारी वडीलधारी माणसे भेटतात. लिंबाचा पाला उशाशी ठेवून, औषध न देता वाट पाहणारी घरे आहेत. त्यांच्या पिढीने देवीचे थैमान पाहिलेले असते, त्यापुढे गोवर हलका वाटणे साहजिक आहे. पण लस न घेतलेल्या मुलांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. एका कोपीला खेटून दुसरी कोपी असते, तिथे हे गणित आणखी भयंकर होते. गोवरातून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात. अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलाची दृष्टी जाऊ शकते. गोवर बरा झाल्यावरही शरीराची इतर रोगांशी लढण्याची आठवण पुसली गेल्याने मूल पुढे काही महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ आजारी पडत राहते. कुपोषित मुलाला तो गाठतो तेव्हा वाचण्याची शक्यता आणखी घटते.

हे सारे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. कोविडच्या टाळेबंदीत नेहमीची लसीकरण सत्रे विस्कटली, हजारो बाळांचे डोस राहून गेले. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडीत गोवर उफाळला, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावात. राज्यात दहाहून अधिक मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांना जादा डोस देण्याचे ठरले, उद्रेकाच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही लस दिली गेली आणि वस्त्यावस्त्यांत मौलवींनी, स्थानिक कार्यकर्त्यांनी आई-बापांशी बोलून भीती घालवली. मालेगावात पोलिओच्या वेळीही हेच कामी आले होते. २०१० पर्यंत तिथे पोलिओचे रुग्ण सापडत होते. देशातला अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशात दारोदार फिरून बोटाला शाई लावणाऱ्या बायांचा वाटा मोठा होता.

धनुर्वाताचीही गोष्ट बीडच्या बायांना जवळची आहे. फडावर बाळंत होणे आणि हाती लागेल त्या पात्याने नाळ कापणे या जिल्ह्याला नवे नव्हते. बाळाचा जबडा आवळला, त्याने दूध सोडले की आशा संपायची. गरोदर बाईला धनुर्वाताचे इंजेक्शन मिळू लागले, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली आणि २०१५ मध्ये भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे जाहीर झाले. हे इंजेक्शन बायांनी स्वीकारले, कारण त्याचा फायदा त्यांनी आपल्या घरात पाहिला.

म्हणून नकार देणारे कुटुंब आणि लस हुकलेले कुटुंब यांना एका रांगेत बसवणे थांबले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ५६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवर गेले. म्हणजे पालक लशीकडे पाठ फिरवत नाहीत, उलट वाढत्या संख्येने येत आहेत. पण गोवर रोखायला ९५ टक्के मुलांपर्यंत दोन्ही डोस पोहोचावे लागतात. उरलेली मुले कुठे आहेत, हे बीडमध्ये शोधत बसावे लागत नाही. ती कोणत्या महिन्यात कोणत्या साखर कारखान्याच्या हद्दीत असतात, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते.

कधी कधी मूल सत्रापर्यंत पोहोचूनही लशीविना परतते. त्याचे कारण बाटलीत आहे. गोवर-रुबेलाची लस पावडरीच्या रूपात येते, एका बाटलीत अनेक डोस असतात. द्रावण मिसळून बाटली एकदा फोडली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. डोस वाया गेल्याचा जाब विचारला जाईल या धास्तीने आरोग्यसेविका म्हणते, 'दोन-चार लेकरं जमू द्या, मग फोडते' किंवा 'पुढच्या महिन्यात या'. एका मुलासाठीसुद्धा बाटली फोडावी, अशी धोरणात मुभा आहे. पण वरून वाया गेलेल्या डोसांवर बोट ठेवले जाते आणि परत गेलेल्या मुलाची नोंद कुठेच होत नाही, तेव्हा खाली उपकेंद्रात बाटली बंदच राहते. पुढच्या महिन्यात ते मूल सांगली-कोल्हापूरकडे किंवा बेळगावकडे गेलेले असते. चार डोस वाया गेले तरी चालतील, पण दारात आलेले एक मूल परत जाता कामा नये, असा लेखी आदेश जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने काढला आणि वाया गेलेल्या डोसांसाठी कोणाला धारेवर धरले नाही, तर एवढ्यानेच अनेक रकाने भरतील.

पालकांनाही काही हक्क बजावता येतात. लशीच्या बाटलीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस थंडाव्यात नीट राहिलेली आहे. दोन्ही सारखेच गडद झाले असतील तर ती वापरायची नसते. आईने 'ताई, दाखवा' म्हटले तर दाखवावे. सिरिंज नवी आहे का, हेही विचारावे. सरकारी सत्रात वापरतात ती सिरिंज एकदा वापरली की आपोआप निकामी होते. डोसाला उशीर झाला म्हणून दवाखान्यात जायला लाजू नये, ही तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राहिलेला डोस जिथे थांबला तिथून पुढे देता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गोवर-रुबेलाची लस चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंत मिळते. उशिरा आलेल्या आईला चार लोकांत बोलणे ऐकवणाऱ्या कर्मचाऱ्याने हे लक्षात घ्यावे की अपमान झालेली आई पुन्हा येत नाही.

जिल्ह्याला हे काम नवे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने मिशन इंद्रधनुष सुरू केले तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या २०१ जिल्ह्यांत बीडही होता. शालेय मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. गर्भपिशव्यांच्या प्रकरणानंतर हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर महिलांच्या आरोग्य तपासणीची पद्धतही आली. त्याच तपासणीत कडेवरच्या बाळाचे कार्ड पाहायला वेगळे मनुष्यबळ लागणार नाही. सप्टेंबरमध्ये, उचल वाटली जात असतानाच, प्रत्येक आशाताईकडे जाणाऱ्या कुटुंबांतल्या दोन वर्षांखालच्या बाळांची आणि गरोदर बायांची यादी तयार हवी. ज्यांचा डोस देण्याजोगा असेल त्यांना तो निघण्याआधी द्यावा. ज्यांचा हंगामात येणार असेल त्यांची यादी ते जाणार असलेल्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे पाठवावी. यू-विन या नव्या संगणकीय नोंदणीमुळे एका जिल्ह्यातली नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाहता येते. पण फडावर मोबाइलचे नंबर बदलतात, चार्जिंग नसते, रेंज नसते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आजही कामाचे आहे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाशेजारी ट्रंकेत ठेवा, हे निघण्याच्या दिवशी सांगणारे कोणीतरी हवे.

आणि सत्र भरवायचे तर कोपी जिथे आहे तिथे, माणसे परतलेली असतील त्या वेळी. सकाळी दहाचे सत्र ऊसतोडीच्या वस्तीवर निरुपयोगी आहे. संध्याकाळी सत्र घ्यावे, तापाचे औषध तिथेच द्यावे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सताईने एक फेरी मारावी. दुसऱ्या दिवशी आई बाळापाशी थांबली तर तिचा खाडा धरू नये. ही शेवटची अट मुकादमाच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही. कारखान्यांना दरवर्षी गाळपाचा परवाना साखर आयुक्तालय देते. कारखान्याच्या हद्दीतल्या वस्त्यांवर महिन्यातून एकदा लसीकरण सत्र झाले पाहिजे आणि लसीकरणाच्या दिवसाचा व त्याच्या दुसऱ्या दिवसाचा खाडा कापता येणार नाही, या दोन अटी त्या परवान्यात घालायला सरकारला नवा कायदा करावा लागत नाही. बीडच्या आमदार-खासदारांपैकी अनेकांचे राजकारण ऊसतोड मजुरांच्या मतांवर उभे आहे. पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी या दोन अटी त्यांनी मुंबईत आणि पुण्यात पदरात पाडून घ्याव्यात.